वार्तापत्राचं चौथं पान

गेल्या पंधरवड्यात तीन ठिकाणांहून एकच विचारणा आली. दोन महिला मंडळं आणि एक भजनी मंडळ. तिघांचंही म्हणणं असं, की आम्हालाही मंडळाचं छापील वार्तापत्र काढायचं आहे, कडोलीत तुम्ही ते कसं काढता ते एकदा लिहा की. तेव्हा या आठवड्याचा मजकूर त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तर बिघडत नाही. वार्तापत्र न काढणाऱ्यांच्या घरीही एखादी लग्नपत्रिका कधीतरी छापायची असतेच.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. व्हॉट्सॲप असताना कागद कशाला? आमच्या बैठकीतही हाच प्रश्न आधी आला होता. त्यावर मी एवढंच विचारलं, की मागच्या श्रावणात पारायणाला कोणी कोणी धान्य दिलं ते आत्ता मोबाइलवर शोधून दाखवा. पाच मिनिटं सगळे अंगठा वर सरकवत बसले. शुभ सकाळ, गुलाबाचं फूल, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, परत गुलाबाचं फूल. यादी काही सापडली नाही. कागदाचं तसं नाही. तो कॅलेंडरमागे खोचलेला असतो, ट्रंकेत साडीखाली असतो, नाहीतर फळीवर डब्याखाली अंथरलेला असतो. डब्याखालचा का असेना, पण असतो.

आमच्या गावाला छापील कागदाची सवय तशी जुनी. कडोलीचं मराठी साहित्य संमेलन दर जानेवारीत भरतं, हे तुम्हाला सांगायला नको. उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी, तिकडे निपाणीजवळ कारदगा, अशी आपल्या भागातली किती तरी गावं आपापल्या ताकदीवर संमेलन भरवतात. ग्रंथदिंडी निघते, पाहुण्यांचं भाषण होतं, कविसंमेलन होतं, आणि त्याआधी कितीतरी दिवस गावात एकच विषय असतो: पत्रिकेत कुणाचं नाव कुठे. ज्यांनी एकदा तरी संमेलनाची पत्रिका केली आहे त्यांना वार्तापत्राचं अर्धं काम येतंच. उरलेलं अर्धं मात्र वेगळं आहे. पत्रिका एकदाच निघते, वार्तापत्र पुन्हा काढायचं असतं. पहिला अंक सगळेच हौसेनं काढतात. मंडळाची खरी परीक्षा तिसऱ्या अंकाला होते.

आता हिशेब. कागद घडी करून पानं होतात, म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवा. ए-थ्री कागद म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. तो मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं झाली, ना पिन ना शिलाई. सहा पानांचा मजकूर जमला असेल तर दोन पानं काढून टाका किंवा दोन पानं वाढवा. एक सुटा कागद मध्ये घालू नका, तो वाटेतच पडतो आणि नेमकी कुणाची तरी श्रद्धांजली त्यावरच असते. कागद सत्तर जीएसएमचा घेतला तर पाठीमागची अक्षरं थोडी दिसतात, नव्वदचा घेतला तर दिसत नाहीत. चकचकीत आर्ट पेपरचा मोह होतो, पण म्हाताऱ्या माणसांना त्यावर दिव्याची तिरीप येते आणि वाचता येत नाही. आमचा आपला साधा पांढरा मॅपलिथो आणि अक्षर तेरा पॉइंटचं. त्याखाली गेलो की गल्लीतून निरोप येतो, "मुंग्या छापल्यासा काय?"

ऑफसेट की डिजिटल, हेही विचारलं आहे. ऑफसेटला आधी प्लेट करावी लागते. तो खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि दोन हजारांना तेवढाच. रंगीत हवं तर रंग चार, म्हणून प्लेटाही चार. डिजिटलला प्लेट नाही, पण प्रत्येक प्रतीचे पैसे जास्त. आमच्या तीनशे प्रतींना डिजिटल बरं पडतं. तुमच्या हजार असतील तर ऑफसेटचा दर विचारा, आणि दोन्ही दर कागदासकट विचारा. "कागद वेगळा" हे वाक्य छापखान्यात नेहमी शेवटी बोललं जातं.

फोटोंबद्दल थोडं. मोबाइलवरून आलेला फोटो साधारण सोळाशे ठिपके लांबीचा असतो. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे तो फोटो साडेतेरा सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ येतो. पण लोक काय करतात? चाळीस जणांचा ग्रुप फोटो पाठवतात आणि म्हणतात, "ह्यातला आमच्या अप्पांचा चेहरा तेवढा घ्या." त्या चेहऱ्याच्या वाट्याला दोनशे ठिपके येतात. ते दीड-पावणेदोन सेंटिमीटरला पुरतात, मोठे केले की अप्पा धुक्यात उभे असल्यासारखे दिसतात. श्रद्धांजलीचा फोटो असेल तर सरळ घरी जा, भिंतीवरची फ्रेम उतरवा, काच काढा आणि उजेडात नवीन फोटो घ्या. फोटो चांगला मिळतो, शिवाय घरच्यांशी दोन शब्द बोलणं होतं, ते वेगळंच.

मजकूर कुठला घ्यायचा हे प्रत्येक मंडळाचं मंडळानं ठरवावं. आमच्याकडे जन्म, लग्न, मृत्यू, परीक्षेत पास झालेली मुलं, मंडळाचा जमाखर्च आणि पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा, एवढं पक्कं असतं. मग जागा उरली तर कुणाचा अनुभव, कुणाची कडबूची रीत, रताळ्याच्या लागवडीबद्दल एखाद्या जाणत्याचे चार शब्द. जमाखर्च मात्र कधीही गाळू नका, एका पैशाचाही. आणि तारीख छापण्याआधी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. आपल्याकडे छापलं म्हणजे खरं. हळदी शुक्रवारी असताना कागदावर शनिवार आला, तर लोक घरच्यांवर नव्हे, कागदावर विश्वास ठेवतात.

इथपर्यंतचं काम सोपं होतं. आमचं खरं भांडण लागलं ते चौथ्या पानावरून.

आमच्या मंडळातल्या पुष्कळ घरांत सुना गोकाक, बैलहोंगलकडच्या आहेत. माझी धाकटी जाऊच तिकडची. ती मराठी माझ्याइतकंच फडाफडा बोलते, भांडतेसुद्धा मराठीतच, पण वाचायला बसली की अडखळते. पहिला अंक तिच्या हातात दिला तेव्हा तिनं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "ननग मराठी ओदाक बरंगिल्ल्री अक्का. दर वेळी वाचून दाखवा म्हणून मी किती दिवस सांगू?" तिच्या दोन्ही मुलांची तीच गत. शाळा कन्नड माध्यमाची. घरात मराठी कानावर असते, डोळ्यांना तिची ओळख नाही. मग मी बैठकीत विषय मांडला, की चारातलं एक पान कन्नडमध्ये करूया.

आमच्यातले एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ते उठले. "रेशन कार्ड कन्नडमधी, शेताचा उतारा कन्नडमधी, लाइटचं बिल कन्नडमधी. घरात एक कागद तरी मराठी येऊंदे की. त्यातबी वाटा मागुलालासा?"

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तात्यांच्या पिढीनं १ नोव्हेंबर १९५६ पाहिलेला आहे. राज्य बदललं म्हणजे घरात येणारा कागद बदलला, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही. आणि माझ्या जावेचं म्हणणंही खोटं नव्हतं. तिच्या घरात येणारा कागद तिला वाचता येऊ नये, हेही तात्यांच्याच दुःखाचं दुसरं टोक. दोन बैठका गेल्या. चहा दोनदा झाला, ठराव एकदाही नाही.

मी घरी येऊन जुनी पानं चाळली. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण'. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं, ऐन विशीत. पण ते नुसतं मराठी नव्हतं. एका पानावर दोन स्तंभ, एक मराठी, एक इंग्रजी. म्हणजे मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांत झाला, आणि त्यामुळे मराठी काही बाटली नाही. साडेआठ वर्षं चाललं ते. कन्नडचं पहिलं वृत्तपत्र 'मंगळूर समाचार', १८४३ सालचं, शिळाछापावर छापलेलं. काढलं कोणी, तर हेर्मान मोग्लिंग या जर्मन मिशनऱ्यानं! आणि आपल्या बेळगावात 'बेळगाव समाचार' १८६३ पासून निघत होतं. या भागाला वर्तमानपत्र कुणी शिकवायला नको, असं मला हे वाचून वाटलं.

आणखी एक गंमत लक्षात आली. १९४६ साली बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आणि २००३ साली त्याच बेळगावात कन्नड साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष पाटील पुट्टप्पा. एक नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक, दुसरे 'प्रपंच'चे. दोघांच्या बाजू अगदी समोरासमोरच्या, पण दोघांचाही जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला. मी हे तात्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माडखोलकरांनी कन्नड पान काढलं नव्हतं." तेही खरंच.

शेवटी ठरलं ते असं. तीन पानं मराठी, एक कन्नड. पण चौथं पान हे पहिल्या तीन पानांचं भाषांतर नाही. भाषांतर केलं की ते पान उष्टं वाटतं, आणि ज्यांना दोन्ही वाचता येतं त्यांना तेच ते दोनदा मिळतं. कन्नड पानाची संपादक वेगळी, मजकूर वेगळा, तिथं लिहिणाऱ्यांनी कन्नडमध्येच विचार करून लिहायचं. फक्त तीन गोष्टी दोन्हीकडे: तारखा, नावं आणि निधनवार्ता. मरणाची बातमी कुणाला वाचून दाखवावी लागू नये, एवढ्यावर तात्याही गप्प बसले. ठरावावर सही मात्र त्यांनी केली नाही.

गावाच्या पत्त्यावरूनही अर्धा तास गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बेळगावी झालं. आम्ही मराठी पानावर 'बेळगाव' ठेवलं आणि कन्नड पानावर 'बेळगावी'. माझी जाऊ तशीही लहानपणापासून बेळगावीच म्हणत आली आहे आणि मी बेळगाव. आमच्या घरात त्यावरून कधी जेवण अडलेलं नाही.

आता दोन लिप्यांचं काम. हे जरा नीट वाचा, कारण इथेच सगळे अडतात. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लोंबतं, आपल्यासारखं बाजूला चिकटत नाही. त्यामुळे ओळींत जागा जास्त सोडावी लागते, आणि तेवढाच मजकूर कन्नडमध्ये अधिक जागा खातो. मराठी पानावर पन्नास ओळी बसल्या म्हणून कन्नड पानावर बसतील असं धरून चालू नका.

नावांची गंमत वेगळीच. कन्नडला ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन अक्षरं, ओचंही तसंच. आपल्याकडे एकच. 'केरे' म्हणजे तळं आणि 'केरी' म्हणजे गल्ली, त्यांतला 'के' कन्नडमध्ये वेगवेगळा, देवनागरीत सारखाच. उलट आपला 'चार' मधला च आणि जनावरांच्या 'चारा' मधला च वेगळा, तो कन्नड वाचणाऱ्याला कळायचा नाही. जाधवांचं आडनाव कन्नड पानावर पाहिलं की मोठ्यानं वाचणारा ज जन्मातला वाचतो. त्यावर उपाय नाही, जाधवांनी समजून घ्यावं. एक सोय मात्र आहे. दोन्ही लिप्यांची वर्णमाला बहुतेक एकाच क्रमानं चालते, त्यामुळे सभासदांची यादी एकदा लावली की दोन्हीकडे फारशी हलवावी लागत नाही. आणि दोन्ही पानांवर फोन नंबर मोबाइलच्या बटणांवर असतात त्याच आकड्यांत छापा. देवनागरी आकडे दिसायला देखणे, पण नंबर लावताना म्हातारी माणसं पाच आणि सहात घोटाळतात.

टाइप करताना युनिकोडमध्येच करा. छापखान्यांत अजून श्रीलिपी चालते, कन्नडला नुडी, बरह चालतात. चांगलीच आहेत ती, पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेताना ऱ्हस्व वेलांटी एक घर सरकते आणि रफार भलत्याच डोक्यावर बसतो. आमच्या दुसऱ्या अंकाला एका छापखान्यानं पीडीएफ नको, मूळ फाइलच द्या म्हणून आग्रह धरला. त्यांच्या संगणकावर आमचा कन्नड फॉन्ट नव्हता. प्रूफ आलं ते चौथ्या पानावर नुसते चौकोनी डबे. जाऊ म्हणाली, "हे मात्र मलाही वाचता येतंय आणि तुम्हालाही." तेव्हापासून फॉन्ट आत घातलेली पीडीएफच द्यायची आणि कागदावरचं प्रूफ पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही. प्रूफ एकानं मोठ्यानं वाचावं आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवून ऐकावं. स्वतः लिहिलेलं स्वतः तपासू नये, डोळा चूक गिळतो.

नावांची यादी करायला आम्ही घरोघर गेलो, त्याबद्दल सांगितलं पाहिजे. आधी ठरवलं होतं, की बायकांची नावं 'अमक्यांच्या मातोश्री', 'तमक्यांच्या पत्नी' अशी छापायची नाहीत. प्रत्येकीचं स्वतःचं नाव आणि माहेरचं गाव. एका घरी ऐंशी ओलांडलेली आजी जोत्यावर बसली होती. नाव विचारलं तर थोरल्या मुलाची आई म्हणून सांगितलं. तुमचं स्वतःचं सांगा म्हटलं, तर लग्नातलं मराठी नाव सांगितलं. जावेनं सहज कन्नडमध्ये विचारलं, "आणि आईनं ठेवलेलं?" आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिनं एक नाव सांगितलं. आतून सून बाहेर आली, नातू बाहेर आला. त्या घरात ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बाराव्या-तेराव्या वर्षी हुक्केरीकडच्या एका गावातून ती या घरात आली, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, आणि जुनं तिथंच राहिलं.

"कुठलं छापू?" मी विचारलं.

"पुढं हे असूंदे," ती म्हणाली, "आणि मागच्या पानावर ते घाल."

तसंच छापलं. ते नाव इथे देत नाही. ते आमच्या वार्तापत्रात आहे, तिथेच असूंदे. पण त्या अंकानंतर आणखी सातजणी आपापली नावं घेऊन आल्या. दोघी तर म्हणाल्या, आम्हाला आता आठवेना, भावाला विचारून सांगतो.

कायद्याचंही विचारलं आहे. जुना १८६७ चा कायदा गेला. त्याजागी २०२३ चा प्रेस आणि नियतकालिक नोंदणीचा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. ठरावीक काळानं निघणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवर भाष्य छापणारं जे काही असेल, त्याची नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे करावी लागते, आणि ती आता ऑनलाइन होते. आम्ही फक्त सभासदांच्या घरातलं छापतो, विकत नाही, आणि 'केवळ सभासदांसाठी, खाजगी वितरणासाठी' असं शेवटी टाकतो. पण ती ओळ म्हणजे अंगारा नव्हे. उद्या ग्रामपंचायतीच्या रस्त्यावर लेख लिहायला लागाल तर आधी जाणत्या वकिलाला विचारा आणि नोंदणी करा. छापखान्याचं आणि प्रकाशकाचं नाव मात्र असो वा नसो म्हणत बसू नका, घालाच. निनावी कागदाकडे गावात लोक संशयानंच पाहतात.

वाटप आमच्या मुली करतात, प्रत्येक गल्लीला दोघी. दूध घालायला येणाऱ्यांच्या हातीही देऊन पाहिलं, पण कागदाला डेअरीचा वास यायचा. माहेरवाशिणींना पोस्टानं जातात, गडहिंग्लज, चंदगड, पुणे, आणि गोव्यात कामाला गेलेल्या मुलांना कुणी निघालं की हातोहात. जाहिराती फक्त गावातल्या दुकानदारांच्या घेतो, सगळ्यांना सारख्याच आकाराच्या. मोठी जाहिरात घेतली की मोठा फोटो आलाच, आणि मग पहिल्या पानावर दावा.

तात्यांचं सांगायचं राहिलं. ते अजूनही म्हणतात, की चौथं पान मी बघत नाही. गेल्या अंकाचं वाटप झालं त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"काकतीच्या कार्यक्रमाची तारीख चुकली हाय बघ. पुढं अठरा हाय, मागं एकोणीस."

मी म्हटलं, "मागं म्हणजे कुठं, तात्या?"

"मागं म्हंजे मागं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

तारीख अठराच होती. जावेनं संध्याकाळीच मुलींना सोबत घेतलं आणि उरलेल्या प्रतींवर पेनानं दुरुस्ती करायला बसली. वाटलेल्या घरी दुसऱ्या दिवशी निरोप दिला. पुढच्या अंकाचा मजकूर येत्या अमावास्येपर्यंत हवा आहे. ज्या तीन मंडळांनी विचारलं आहे त्यांनी येताना आपले कागदाचे दर घेऊन यावेत, म्हणजे आमचा छापखाना आम्हाला किती लावतो तेही एकदा कळेल.